लोड जास्त, सीपीयू मात्र मोकळा
सर्व्हरचा सीपीयू ९० टक्के रिकामा असताना लोड, म्हणजे काम करत असलेल्या किंवा खोळंबलेल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) सरासरी संख्या, ४० कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेसच नव्हे, तर 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे बहुधा डिस्क किंवा एनएफएसच्या (नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या यंत्रणेच्या) उत्तरासाठी खोळंबलेल्या प्रोसेसही धरतात. (१९९३ पासून असंच आहे.) 'एस' ही अवस्था म्हणजे साधी झोप, सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली सूचना) आला की मोडते. 'डी'वाली प्रोसेस मात्र बरेचदा किल -९ लाही (सक्तीने बंद करण्याच्या आज्ञेलाही) दाद देत नाही.

पीएस या, चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेतला डब्ल्यूचॅन (WCHAN) रकाना बघा. प्रोसेस कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोणत्या फंक्शनमध्ये थांबलीय ते तिथे दिसतं. पण एकदाच बघून ठरवू नका, पाच-सहा वेळा बघा; तोच पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तिथेच दिसत राहिला तर तो खरंच अडकलाय. आणि कृपया त्याआधी सर्व्हर रीबूट करू नका, सगळा पुरावा जाईल.