सल्ला हवा: पानगळ, दोन कुत्री आणि एका जागी न थांबणारं घर

ऊनसावली

पानगळ ऐन भरात आहे आणि नेमके सगळे घरात आहेत. आई, नवरा, लेक (वय ७) आणि दोन्ही भुभू असा एक तरी धड फोटो यंदा हवाच आहे. कोळसा आता म्हातारा झालाय. रंग नावासारखा, मागचे पाय धरतात. साय जेमतेम वर्षाची, सायीच्याच रंगाची, आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीवर ठेवायचे असतात हे तिच्या गावी नाही.

कॅमेरा एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएम, एफ/३.५-५.६ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). संध्याकाळी झाडांखाली साय हलून येते. शटरचा वेग वाढवला की आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) चढतो आणि फोटो रवाळ होतो. कोळसा तर फोटोत नुसता भोकासारखा दिसतो, डोळे कुठे आहेत तेही कळत नाही.

तर प्रश्न असे: नवीन लेन्स घ्यावी का, आणि कोणती? काळा आणि पांढरट कुत्रा एकाच फोटोत कसे सांभाळायचे? आणि सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्याकडे बघावं यासाठी काही युक्ती? "आधी फोटो टाका, मग बोलू" म्हणणाऱ्यांनो, टाकण्यासारखा नाही म्हणून तर धागा काढलाय.

गवतफुला

८५ एमएम एफ/१.८ घ्या. मागची पिवळी पानं अशी विरघळतात की बस्स. विषय संपला.

तिपाई

संपला कसला, आत्ता सुरू झाला. एपीएस-सीवर ८५ म्हणजे फुल फ्रेमवरच्या जवळपास १२८ एवढा कोन. तीन माणसं आणि दोन कुत्री त्यात बसवायची तर इतकं मागे जावं लागेल की सायला बोलावायला फोन करावा लागेल. शिवाय दोन मीटरवरून एफ/१.८ ला काढलं तर जेमतेम ४ सेंमी भाग स्पष्ट येतो. बऱ्याच कुत्र्यांचं नाक आणि डोळे यांच्यात याहून जास्त अंतर असतं. एकट्या कुत्र्याच्या चेहऱ्यासाठी ८५ सुंदरच, पण एफ/४ च्या आसपास ठेवून.

ऊनसावली, तुमची अडचण उजेडाची आहे. संध्याकाळी झाडाच्या सावलीत एफ/५.६ आणि शटर १/१००० सेकंद धरलं तर आयएसओ सहज ३२०० वर जातो. तोच शॉट एफ/१.८ ला घेतला तर सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ ३२० च्या जवळपास. मोठं ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड) घ्यायचं ते यासाठी. माझं मत ३५ एमएम एफ/१.८ ला. तुमच्या कॅमेऱ्यावर ती साधारण ५२ सारखी वागते, घरातही चालते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही कुत्र्यापासून दोन पावलांवर राहता. लांबून टेली (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) लावून बसलं की कुत्रं उठून तुमच्याकडेच येतं.

शटरचा अंदाज: बसलेलं कुत्रं १/२५०, चालणारं १/५००, धावणारं किंवा पानं उडवणारं १/१००० ते १/२०००. आणि रवाळपणाला इतकं घाबरू नका. हल्लीची नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअरं रवा बऱ्यापैकी काढतात. हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही.

गवतफुला

३५ ने जवळ जाऊन काढलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, हे सांगायचं राहिलं.

तिपाई

सायच्या वयात ते गोडच दिसतं. पण मुद्दा मान्य, चेहरा काढताना दोन पावलं मागे आणि नंतर क्रॉप.

भूभूमावशी

लेन्सवाल्यांचं झालं असेल तर कुत्र्यांकडे येऊ या का?

कोळसाला उभं कर, बसव, परत उभं कर, असं अजिबात करू नकोस. सांधे आखडलेल्या कुत्र्याला उठबस जड जाते, थंड ओल्या जमिनीवर तर फारच. त्याला जाड चादर टाकून आरामात लोळू दे, वरून थोडी पानं पसर म्हणजे चादर दिसणार नाही, आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती जमिनीवर बसव. म्हातारं कुत्रं मध्यभागी आणि घर त्याच्या अवतीभवती. सगळ्यांचे चेहरे एका उंचीवर येतात हा वरचा फायदा. आईंना खाली बसणं जमत नसेल तर बुटकं स्टूल चालेल.

फोटो काढणाऱ्यानेही पोटावर झोपायचं. कपडे धुता येतात. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठ आणि जमीन दिसते, खालून काढला की मागे पानांचा आणि आकाशाचा उजेड येतो.

कॅमेऱ्याकडे बघण्याचं म्हणशील तर नवा, न ऐकलेला आवाज पहिल्या वेळी सगळ्यात चांगला चालतो. पिपाणीचं खेळणं, कागदाची चुरचुर, काहीही. पाचव्यांदा वाजवलं की ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून सगळे बसले, फोकस झाला, बोट बटणावर आहे, अशी खात्री झाल्यावरच वाजवायचं आणि लगेच बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो). आवाज काढणारा माणूस लेन्सच्या अगदी मागे हवा. बाजूला उभा राहिला तर सगळी कुत्री बाजूला बघतात आणि माणसं कुत्र्यांकडे.

आता एक कडक सूचना. लेकीला गळ्यात हात टाकून घट्ट मिठी मारायला सांगू नकोस. माणसांना ते प्रेमळ दिसतं, पण बऱ्याच कुत्र्यांना अडकल्यासारखं होतं. झोप आलेली नसताना जांभया, ओठांवरून जीभ फिरवणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे जाणं, यातलं काहीही दिसलं की थांब. असे फोटो नंतर बघवतही नाहीत. शेजारी बसून पाठीवर हात ठेवलेला पुरतो.

रंगारी

मावशींना +१. आता रंगांचं.

काळा-पांढरा एका चौकटीत असताना रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि सायला सांभाळा. तिच्या पाठीवरचा उजेड एकदा जळाला की तिथला केस न् केस गेला, तो परत येत नाही. कोळसाच्या अंधारातून मात्र रॉमध्ये बरंच वर आणता येतं. एकेकट्यांचे फोटो घेताना गणित उलटं चालतं: चौकटभर काळा कुत्रा असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे २/३. पांढऱ्याला अधिक २/३. पण हे नियम म्हणून पाळू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा.

भोकासारखा दिसतो म्हणालात त्याचं कारण बहुधा डोळ्यांत चमक नसणं. काळ्या तोंडावर काळे डोळे तेव्हाच दिसतात जेव्हा त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं. म्हणून दाट झाडीच्या आत नको. झाडी जिथे संपते तिथे, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून बसवा. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, दोघांमधला उजेडाचा फरक आपोआप कमी होतो. फ्लॅश वापरू नका. कुत्र्यांच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्याने डोळे हिरवे-पिवळे पेटतात.

मागे काय आहे तेही बघा. कोळसा पिवळ्या पानांवर छान उठून दिसेल. साय तिथे हरवेल, तिच्यामागे गडद खोड येऊ द्या.

व्हाइट बॅलन्स (फोटोची उबदार-थंड छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर असेल तर पानांचा उबदारपणा कॅमेरा स्वतःच पुसून टाकू शकतो. ५५०० केल्विनच्या आसपास कायम करून ठेवा. एडिटिंगमध्ये नारिंगीची पट्टी ओढण्याचा मोह टाळा, माणसांच्या त्वचेचा रंगही त्याच पट्टीत असतो. पानं रंगायच्या आधी आईच भगव्या होतील. पिवळा हलकेच वाढवा, बास.

खिशातला कॅमेरा

एवढं सगळं वाचून दमलो. फोनने काढणाऱ्यांना काही आहे का?

रंगारी

आहे की. आधी फोनची लेन्स पुसा (हसू नका). पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) धावत्या कुत्र्याला नको, कानाच्या आणि शेपटीच्या केसांची कड तो हमखास कापतो. भर उजेडात बर्स्ट लावा. फोनचं शटर संध्याकाळी आपोआप मंद होतं, त्यामुळे पळापळीचे फोटो दिवसाउजेडी आणि शांत फोटो संध्याकाळी.

ऊनसावली

किती छान माहिती! ३५ वर मन बसलंय. दोन उपप्रश्न. मोकळ्या जागेत सायचा पट्टा सोडायची हिंमत नाही, मग पट्टा फोटोत येणारच ना? आणि तिला धावताना कसं पकडू, चेंडू टाकला की ती उलट दिशेला सुसाट.

तिपाई

पट्टा सोडूच नका. लांब बारीक दोरी वापरा, धरणारा माणूस चौकटीच्या बाहेर. कॅमेरा तिपाईवर ठेवून एक फोटो सगळ्यांसकट काढा, मग जागा न हलवता, फोकस आणि एक्स्पोजर तसंच ठेवून, रिकाम्या जागेचा एक. एडिटिंगमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून दोरीच्या जागी मागची पानं घासून आणता येतात. उजेड बदलायच्या आत दुसरा घ्यायचा.

धावण्यासाठी चेंडू तिच्या पुढे टाकूच नका. नवरा तिला धरून लांब उभा, तुम्ही जमिनीवर, आणि तुमच्या मागून लेक हाक मारेल. ती सरळ लेन्सकडे येते. सलग फोकस चालू, कॅमेऱ्यात प्राण्यांचे डोळे ओळखण्याची सोय असेल तर तीही चालू. अंगावर आदळायच्या आधी बाजूला व्हायची तयारी ठेवा.

भूभूमावशी

आणि चेंडू निळा घे. कुत्र्यांना रंग दिसतात, पण मुख्यतः निळे आणि पिवळे. पिवळ्या-तांबड्या पानांत पडलेला लाल चेंडू तिला रंगावरून शोधता येणं कठीण, मग ती नाकाने हुंगत बसते आणि तुझ्या फोटोत फक्त शेपूट येते. निळा तिलाही दिसतो आणि नारिंगीशेजारी फोटोतही शोभतो.

काठी फेकू नकोस, पळताना तोंडात घुसून जखमा होतात. पानांच्या ढिगात उडी मारू देण्याआधी पायाने चाळून बघ: काचा, काटे, अळंबी. तिथे ओक किंवा हॉर्स चेस्टनटची झाडं असतील तर खाली पडलेली फळं खाऊ देऊ नकोस, कुत्र्यांना बाधतात. घरी आल्यावर दोघांचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या गोचिडींसाठी तपास. थंडी पडली की गोचिडी नाहीशा होतात हा गैरसमज आहे.

गवतफुला

सगळ्यांच्या फोटोला एफ/५.६ ठेवा, नाहीतर पुढे बसलेली लेक स्पष्ट आणि मागची आजी धूसर येईल. तुम्हालाही फोटोत यायचं असेल तर सेल्फ टायमरमध्ये एकामागून एक फोटो घेण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती लावा. दहातला एक बरा निघतो.

(८५ बद्दलचं माझं मत कायम आहे. पुढच्या पानगळीत घ्या.)

ऊनसावली

गवतफुला, नोंद घेतली :) रविवारी ढगाळ आहे म्हणतात. लेकीला मिठीचा नियम सांगितला तर तिने लगेच विचारलं, मग कोळसाने मला मिठी मारली तर चालेल का.

भूभूमावशी

त्याने मारली तर चालेल. शटर तेवढं १/२५० च्या वर असू दे. आणि बाहेरच्या गारठ्यातून आल्यावर कॅमेरा लगेच ऊबदार खोलीत उघडा ठेवू नकोस, लेन्सवर दव धरतं. पिशवी बंदच राहू दे तासभर. कार्ड हवं तर बाहेर असतानाच काढून घे, घरी पोचल्या पोचल्या बघायची घाई होणारच आहे.