सोलापुरात प्राइड यात्रा निघावी का?

साखरपेठकर:
नमस्कार मंडळी. पुण्यात २०११ पासून प्राइड, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा माणसांची अभिमान यात्रा, निघते, मुंबईत त्याच्याही आधीपासून, मग सोलापुरात का नको? माझं मत निघावी असं आहे. चार पुतळ्यापासून सात रस्त्यापर्यंत, ढोल-डॉल्बी काही नको, नुसतं चालायचं. माणसं कमी येतील म्हणून घाबरायलाव सगळे, पण कोलकात्यात २ जुलै १९९९ ला देशातली पहिली अशी यात्रा निघाली तेव्हा पिवळे टीशर्ट घालून पंधरा जण चालले होते, फक्त पंधरा. तेव्हा तर समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं.

होटगीरोडवाला:
माझा विरोध आहे आणि तो द्वेषातून नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्हा नाही, विषय संपला. आता कुणी कुणाला पकडत नाही. मग रस्त्यावर कशाला? घरात कसं राहायचं ते ज्याचं त्यानं बघावं, गावाला सांगायची गरज काय? हे बाहेरच्या देशातलं वारं आहे, आपल्याकडं असलं नव्हतं.

साखरपेठकर:
बाहेरचं म्हणाल तर ३७७ कलमच बाहेरचं, १८६० मध्ये इंग्रजांनी लिहिलेलं. आणि हा विषय मराठीला नवीन नाही ओ. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक असले खाजगी प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, पण उभे राहिले.

आणि 'विषय संपला' म्हणताय तर जरा मागचं बघा. १९९२ ला दिल्लीत पोलीस बागेतनं माणसं उचलायचे, तर एड्स भेदभाव विरोधी आंदोलनवाल्यांनी पोलीस मुख्यालयासमोर निदर्शनं केली. त्यांनीच १९९४ ला ३७७ विरुद्ध पहिली याचिका टाकली. मग एड्सवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन संस्थेची याचिका, २००९ ला दिल्ली हायकोर्टात जिंकले, आणि ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते सगळं परत फिरवलं. कारणांत एक कारण काय होतं माहितीये का, की असली माणसं अगदी मूठभर आहेत. दिसत नाही म्हणून मोजलं नाही! माझं म्हणणं तेवढंच आहे, गावात आपण आहोत हे दिसलं पाहिजे.

विडीघरकुल_२९:
मी स्वतः गे आहे आणि मी यात्रेच्या विरोधात आहे. साखरपेठकर, तुमचा इतिहास बरोबर आहे पण २०१८ च्या केसमध्ये नावं कुणाची होती बघा, नवतेज जोहर नामांकित नर्तक, रितू डालमिया मोठ्या शेफ, अमन नाथ हॉटेलवाले. त्यांना पण त्रास झाला असेल, मी कमी लेखत नाही, पण त्यांना दुसऱ्या दिवशी टॉवेलच्या कारखान्यात घडीच्या टेबलापाशी उभं राहायचं नव्हतं जिथं शेजारी चुलता आणि पलीकडं आईच्या माहेरचा माणूस. आमच्या घरात तेलुगू बोलतात, लग्नं सगळी ह्याच गल्ल्यांत ठरतात. यात्रा निघाली की यूट्यूब चॅनेलवाले माइक घेऊन येणार, व्हिडिओ संध्याकाळपर्यंत भावकीच्या ग्रुपवर. ज्याला पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेस आहे तो चालेल, मी कुठं जाऊ?

आम्हाला आधी एक खोली पाहिजे, रविवारी बसून बोलायला. आणि धड डॉक्टर पाहिजे. मला बारावीनंतर घरच्यांनी एकाकडं नेलं होतं, त्यानं 'पोरगं सुधरेल' म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, मी वर्गात बाकावर डोकं टेकून लाळ गाळत झोपायचो. अशा 'सुधारण्याच्या' उपचारांना २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं गैरवर्तन ठरवलंय, मद्रास हायकोर्टानं लावून धरलं म्हणून. हे इथल्या किती आईबापांना माहितीये? त्याचा कागद छापून वाटा की, यात्रेपेक्षा जास्त पोरं वाचतील.

होटगीरोडवाला:
बघा, तुमच्यातलाच माणूस नको म्हणतोय. आणि उद्या लग्नाची मागणी येणारच.

विडीघरकुल_२९:
दादा, माझं वाक्य तुमच्या बाजूला ओढू नका. लग्नाची मागणी आलेली आहेच, १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, संसदेकडं बोट दाखवलं. मला ते पण पाहिजे. मी फक्त पोरं उघडी पाडू नका म्हणतोय.

जोगवा_मागणारी:
लपावं का दिसावं हा वाद तुम्हा लोकांचा आहे, आम्हाला लपायला कधी मिळालं? मी सिग्नलला पण दिसते, गड्ड्याच्या यात्रेत पण दिसते, बारशाला आशीर्वादाला बोलावतात तेव्हा पण दिसते. एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं आम्हा तृतीयपंथीयांना ओळख दिली, लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या केसला उभ्या होत्या, २०१९ चा कायदा आला, कलेक्टरचं सर्टिफिकेट पण काढलं मी. तेच घेऊन खोली बघायला गेले. मालकीण बाईनं पाणी दिलं, डिपॉझिट ठरलं, मग आधार कार्ड आणि सर्टिफिकेट बघितलं आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही, तिच्या पोराला पाठवलं, 'खोली गेली म्हणून सांग'. दाराला 'भाड्याने देणे आहे' तसंच लटकत होतं. तर होटगीरोडवाले दादा, कायदा झाला म्हणून विषय संपत नाही ओ.

साखरपेठकर:
ताई, मग तुम्ही यात्रेला येणार का? पोलीस परवानगीच्या अर्जावर खरी नावं आणि सह्या लागतील.

जोगवा_मागणारी:
येणार. पण हे विडीघरकुलचं पोरगं म्हणतंय ती रविवारी बसायची खोली आधी. पहिल्या दोन महिन्यांचं भाडं आम्ही जमवतो, मालक तुम्ही शोधा, तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. खोली सुरू झाली की अर्जावर पहिली सही माझी, आणि ज्याला चालायचं नाही त्यानं चालू नये, फोटो कुणी काढायला लागला तर मी बघते त्याच्याकडं.