विषय: अचाट शक्ती असलेल्या मुलांच्या कादंबऱ्या, तेरा वर्षांच्या मुलीसाठी

नमस्कार मंडळी,
लेकीची हॅरी पॉटरची पारायणं झाली, पर्सी जॅक्सनचाही फडशा पाडून झाला. तिला अंगात काहीतरी विलक्षण असलेल्या मुलामुलींच्याच गोष्टी हव्यात. त्याच साच्यातलं आणखी काही द्यायचं माझ्या जिवावर येतंय. कसदार काही सुचवाल का? इंग्रजी चालेल, इथे कॅनडात लायब्ररीत मिळालं म्हणजे झालं.
– मराठी शाळेतली एक आई

उत्तर १

ताई, नमस्कार.
डोळे झाकून एक नाव सांगते: न्नेडी ओकोराफोर यांचं ‘अकाटा विच’ (२०११). आपल्या मुलांना हे पुस्तक दिलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

यातली सनी बारा वर्षांची. जन्म न्यूयॉर्कचा, आईवडील नायजेरियाचे, आणि आता सगळं घर परत नायजेरियात, अबा शहरात. वर्गात ती अमेरिकेहून आलेली म्हणून परकी. त्यात तिला अल्बिनिझम आहे, म्हणजे त्वचेत-केसांत रंगद्रव्य नाही, त्यामुळे ऊन सोसत नाही. फुटबॉल जीव की प्राण, पण भर उन्हात मैदानात उतरायची सोय नाही. पुढे कळतं की ती ‘लेपर्ड’ लोकांपैकी आहे, म्हणजे जादू जाणणाऱ्यांपैकी. बाकीचं जग ज्याला व्यंग म्हणतं, त्याच्याशीच या लोकांची शक्ती बांधलेली असते. सनीचा मित्र ओर्लू याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे लिहिता-वाचताना अडखळायला होतं, आणि दुसऱ्याने केलेली जादू उलगडून मोडून टाकणं ही त्याची हातोटी.

रिक रायर्डन यांनी पर्सीची गोष्ट मुळात डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (एका जागी लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या आपल्या मुलासाठी रचली, त्यामुळे तुमच्या लेकीला हा धागा ओळखीचा वाटेल. पण पर्सीचा बाप देव आहे. सनीला शिकावं लागतं. तिथे काही नवं खरोखर उमगलं की वरून धातूचे वाकडे तुकडे खणखणत पायाशी पडतात. त्यांना चिट्टिम म्हणतात आणि बाजारात तेच चालतात. त्यातही तांब्याचा तुकडा सर्वांत मोलाचा, सोन्याचा सर्वांत हलका! ज्याची समज वाढली त्याचा खिसा भरला, बापजाद्यांच्या पैशाला तिथे किंमत नाही.

एक आधी सांगून ठेवते. यात मुलांना पळवून मारणारा खलनायक आहे, आणि कुस्तीच्या सामन्यात एक मृत्यूही होतो. तेरा वर्षांच्या मुलीला झेपेल, पण धाकटं भावंड असेल तर त्याच्या हाती लगेच देऊ नका. पुढचे भाग ‘अकाटा वॉरियर’ आणि ‘अकाटा वूमन’.

उत्तर २

‘अकाटा विच’ सुचवणाऱ्या ताईंशी सहमत. माझी भर दोन जुन्या पुस्तकांची.

अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). शेळ्या राखणारा गेड धुकं जमवून गावाला लुटारूंपासून वाचवतो, आणि मग ओगियन नावाच्या मितभाषी गुरूकडे जातो. प्रवासात पाऊस लागतो. मंत्र टाकून ढग पळवता येतात हे गेडला ठाऊक आहे. ओगियन मात्र पाऊस पडू देतो आणि सरळ दाट झाडाखाली आडवा होतो. पोरगा चरफडतो. करता येतं ते का करायचं नाही, हे त्याला तेव्हा कळत नाही, आणि पुढे गुर्मीत तो जे करून बसतो त्यावर अख्खं पुस्तक उभं आहे. गेड सावळा, तांबूस वर्णाचा आहे. १९६८ साली इंग्रजीत असा नायक विरळाच.

दुसरं जॉन विंडम यांचं ‘द क्रिसलिड्स’ (१९५५). आपण कॅनडात राहतो म्हणून आवर्जून सांगतो, कारण ते लॅब्राडोरमध्ये घडतं. अणुसंहारानंतर खूप काळाने तिथले लोक शरीरातला जरासा फरकही पाप मानतात. सोफी नावाच्या मुलीला पायाला सहा बोटं आहेत. तिच्या ओल्या पावलाचा खडकावर उमटलेला ठसा एक पोरगा बघतो, आणि तिच्या घराची वाताहत होते. डेव्हिड आणि त्याचे सवंगडी न बोलता एकमेकांच्या मनात बोलू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे लपणं सोपं आणि भीती कायमची. हे पंधराव्या वर्षी द्या. सुरुवात संथ आहे, पन्नासेक पानं धीर धरायला सांगा.
– वाचनालयाचं काम बघणारा काका

उत्तर ३

ताई, काका, मनापासून आभार. लायब्ररीत ‘अकाटा विच’वर होल्ड टाकला, म्हणजे आमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलं. तांब्यासोन्याचं लेकीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “मग मला आत्ताच हवंय.” ‘अर्थसी’ आपल्या मराठी मंडळाच्या कपाटात असेल तर काका, रविवारी शाळेत घेऊन याल का?