‘स्टार’ म्हणायचे, पण कोणता?

खानापूरकर : जुन्या जपानी बनावटीच्या मोटारसायकलींच्या दुरुस्तीवरचे एक टिपण मी शिकाऊ मुलांसाठी मराठीत उतरवत आहे आणि एका वाक्यावर अडलो आहे. यामाहा आरएक्स 100सारख्या गाडीच्या इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू फिलिप्सने, म्हणजे नेहमीच्या चार पात्यांच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने न काढता जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, तशाच दिसणाऱ्या ड्रायव्हरने काढावेत, असे मुळात म्हटले आहे. आपल्याकडच्या गॅरेजांत मात्र दोन्हींना ‘स्टार’च म्हणतात. ‘स्टारने काढू नका, स्टारने काढा’ असे तर लिहिता येणार नाही. मुलांच्या तोंडी सहज बसतील अशी दोन वेगळी नावे कोणी सुचवील काय?

निपाणीच्या शिक्षिका : चार पात्यांच्या खाचेला तारा म्हणणेच मुळात चूक आहे, ती फुली आहे. ‘स्टार’ हा शब्द सहा टोकांच्या टॉर्क्ससाठी राखून ठेवावा आणि या दोघांना ‘फुली पेचकस’ म्हणावे. चांगला मराठी शब्द हाताशी असताना ड्रायव्हर कशाला हवा?

चिकोडीकर : बाई, पेचकस मराठीत रुळला आहे हे मान्य, पण तो आला फारसीतून, त्यातला पेच म्हणजे पीळ आणि कश म्हणजे ओढणारा. फारसी चालते तर इंग्रजीनेच काय घोडे मारले आहे? शेजारच्या कानडीतला ‘तिरुपुळी’ मला अधिक नेमका वाटतो, कारण तिरुपु म्हणजे फिरवणे आणि उळी म्हणजे छिन्नी.

निपाणीच्या शिक्षिका : शब्द सुंदर आहे, पण छिन्नीला एकच सपाट धार असते. तो चपट्या खाचेला शोभेल, फुलीला शोभणार नाही.

उद्यमबागेतला (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला) फिटर : व्युत्पत्ती नंतर पाहू, दोन अवजारांत नेमका फरक काय, हे आधी ध्यानात घ्यावे, म्हणजे नावही त्यावरूनच सुचेल. फिलिप्सच्या टोकाजवळ पात्यांच्या सांध्यात गोलाई असते आणि जपानी खाचेचे कोपरे अधिक काटेकोर असतात, त्यामुळे फिलिप्स त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, वरच्या कडांवरच टेकतो आणि जोर लावला की उसळून बाहेर येताना खाच खातो. जेआयएसचे टोक तळापर्यंत बसते, म्हणून तोच जोर पात्यांच्या पूर्ण उंचीवर वाटला जातो. खानापूरकडच्या पावसात वर्षानुवर्षे भिजलेल्या गाडीत तर पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पांढऱ्या भुकटीने धरलेला असतो. तिथे पहिल्याच प्रयत्नात खाच गेली, की पुढे छिन्नी किंवा ड्रिलच उरते. ‘फुली’ म्हटल्याने यातले काहीच कळत नाही, कारण फुली दोन्हींना आहे.

मुंबईहून परतलेला : आमच्या चाळीत सगळेच पेचकसाला ‘डिसमिस’ म्हणत. स्क्रूला नोकरीवरून काढतो म्हणून डिसमिस, असे आमचे मामा सांगत.

चिकोडीकर : मामांची व्युत्पत्ती गमतीदार आहे, पण स्क्रू कामावर रुजू करून घेणारेही तेच अवजार असते, त्याचे काय करायचे?

खानापूरकर : माझा प्रश्न दोन नावांचा होता. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा बारीक ठिपका असतो, त्यावरून ‘ठिपक्याचा स्टार’ म्हटले तर चालेल का?

उद्यमबागेतला फिटर : नाव बरे आहे, पण घोटाळ्याला जागा आहे. ठिपका स्क्रूवर असतो, अवजारावर तो शोधत बसणारा मुलगा रिकाम्या हाताने परत येईल. शिवाय सगळ्याच जपानी स्क्रूंवर ठिपका नसतो. माझ्या मते नावापेक्षा नंबर महत्त्वाचा आहे. झाकणाच्या 6 मिमी स्क्रूला 3 नंबरचे टोक लागते आणि कार्ब्युरेटरच्या 4 किंवा 5 मिमी स्क्रूला 2 नंबरचे. आमच्याकडे येणारी पोरे सगळीकडे 2 नंबरच चालवतात आणि मग दोष फिलिप्सला देतात.

निपाणीच्या शिक्षिका : म्हणजे नाव चुकीचे असले तरी चालेल, असा त्याचा अर्थ होतो. मला ते पटत नाही. मुलगा दुकानात ज्या नावाने मागेल, तीच वस्तू त्याच्या हाती पडेल.

उद्यमबागेतला फिटर : दुकानात ‘फुली पेचकस’ मागितला, तर दुकानदार आधी त्याच्या तोंडाकडे पाहील. ‘जेआयएस, 3 नंबर’ एवढे कागदावर लिहून द्यावे, हे माझे मत.

चिकोडीकर : जेआयएस असे सुटे कशाला म्हणायचे? जपानी माणूस त्या अक्षरांचा उच्चार ‘जिस’सारखा एका शब्दात करतो, आणि ‘जिस स्टार’ तोंडी चांगला बसतो.

निपाणीच्या शिक्षिका : ‘जिस’ हे हिंदी सर्वनाम वाटते. मुले ‘जिस स्टार को’ म्हणून वाक्य पुरे करतील.

उद्यमबागेतला फिटर : टिपणात हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरचा उल्लेख असेल, तर एक गोष्ट आवर्जून लिहावी. ठोका बसला की ते अवजार टोक खाचेत दाबते आणि त्याच क्षणी फिरवते, म्हणून धरलेल्या स्क्रूला त्याच्यासारखा उपाय नाही. त्याआधी केसिंग थोडे गरम केले तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि पकड सैल होते. मात्र त्या अवजारासोबत येणाऱ्या पेटीतली टोके बहुधा फिलिप्सचीच असतात, तेव्हा 3 नंबरचे जेआयएस टोक वेगळे मागवावे लागते.

मुंबईहून परतलेला : या इम्पॅक्टला मराठीत ‘ठोक्या’ म्हणता येईल का?

निपाणीच्या शिक्षिका : ‘ठोक्या’ हे माणसाचे टोपणनाव वाटते. ‘आघात-पेचकस’ म्हणावे.

चिकोडीकर : उद्यमबागेत हा शब्द उच्चारून दाखवा, मग पुढे बोलू.