गळू, काळपुळी, काखमांजरी, चिखल्या... तुमच्या घरातले अनुभव सांगा

पावसाळा लागला की आमच्याकडे बाबांच्या पायाची काळजी सुरू होते म्हणून हा विषय काढतेय. मागच्या वर्षी लावणीच्या दिवसात त्यांच्या पायाच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, ते हळद-तेल लावून परत चिखलात उतरायचे, आणि एका संध्याकाळी एकदम हुडहुडी भरून ताप आला, आम्हाला वाटलं मलेरिया. रात्री पांघरूण सरकवलं तर उजवी पोटरी सुजून तकतकीत झालेली, हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि जांघेत अवधाण. बाबा काळेसावळे, त्यामुळे लाली अशी दिसतच नव्हती, दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितल्यावर फरक कळला. डॉक्टर म्हणाले सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत आणि तिच्या खाली झालेला जंतुसंसर्ग. सुजेच्या कडेकडेने बॉलपेनने रेघ मारली आणि बजावलं की सूज ही रेघ ओलांडून गेली तर सकाळची वाट बघू नका. पहाटे चारला ती दोन बोटं पुढे गेलेली. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक, पाय उशांवर उंच ठेवलेला. जंतू शिरले ते चिखल्यांच्या भेगांतून, म्हणून आता रोज रात्री बेचकी कोरडी करून बुरशीवरचं मलम लावतो. तुमच्याकडे कशावरून ओळखलं, कशाने बरं झालं, सगळं लिहा प्लीज.

*

आमच्या लेकीला नाकाखाली बारीक फोड आले, फुटले आणि त्यावर मध वाळल्यासारखी पिवळट खपली धरली. सासूबाई म्हणाल्या कांजिण्या, पण अंगावर बाकी कुठे काही नाही. इम्पेटिगो निघालं, म्हणजे कातडीचा वरवरचा जंतुसंसर्ग. खपली कोमट पाण्याने भिजवून हलकेच काढायची आणि मग म्युपिरोसिन मलम लावायचं, खपलीवरून लावून उपयोग नाही हे आम्हाला आधी माहीतच नव्हतं. टॉवेल वेगळा केला नाही, तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या हनुवटीवर तेच. मग दोघांची नखं कापली, टॉवेल वेगळे, शाळा बंद, आठवड्यात दोघं बरे.

*

ह्यांच्या मानेवर काळपुळी झाली होती, एकाच गळवाला पाच-सहा तोंडं आणि मान वळवता येईना. घरी पोटीस बांधलं, दाबून पू काढायचा प्रयत्न केला, त्याने उलट सूज आत गेली. सर्जननी चीर देऊन निचरा केला, रोज ड्रेसिंग. पण त्याआधी शुगर बघितली तर ३४०! मधुमेह आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वारंवार गळवं होत असतील तर शुगर तपासा हो, कळकळीने सांगतेय.

*

मला काखमांजरी सहा वर्षं होत होती. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, महिन्याभराने पुन्हा त्याच जागी. घरचे म्हणायचे नीट आंघोळ कर, मी दिवसातून तीनदा साबण लावायचे आणि लाजेने बाह्यांचे कपडे सोडले नाहीत. शेवटी एका स्किनच्या मॅडमनी विचारलं, जांघेतही होतात का? मग काखेतले जोडीने असलेले काळे ठिपके आरशात दाखवले. हायड्राडेनायटिस म्हणतात, केसांची मुळं बंद होऊन आत दाह होतो, अस्वच्छतेने होत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे ऐकून मी तिथेच रडले. डॉक्सीसायक्लिन तीन महिने चाललं, वजन कमी करायला सांगितलं, खूप फरक आहे, पूर्ण गेलेलं नाही. कुणाला असं होत असेल तर लाजू नका, लवकर दाखवा, आत बोगदे तयार झाले की ऑपरेशनवर जातं.

*

माझं थोडक्यात. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब, आत स्टेरॉइड, खाज दोन दिवसात गेली आणि नायटा कमरेभर पसरला.

*

सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे म्हणून दोन गोष्टी लिहिते. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी फोडू नका, तिथल्या शिरा आत मेंदूकडच्या शिरांना जोडलेल्या असतात. आणि दिसतं त्यापेक्षा ठणका फारच जास्त असेल, कातडी जांभळी पडायला लागली किंवा तिथे बधिर वाटायला लागलं तर ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा. आमच्याकडे एक मावशी आल्या, बाभळीचा काटा लागलेला, पाय जरासाच सुजलेला पण चादर लागली तरी ओरडत होत्या. दुपारी काळे फोड आले, संध्याकाळी ऑपरेशनला घेतलं, सडलेला भाग काढला. सहा आठवड्यांनी वॉकर धरून घरी गेल्या.