दापोलीला किती कपडे न्यायचे? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

मी: सगळ्यांना एकदमच विचारते. रविवारी रात्री लातूरहून कोकणात दापोलीला निघायचंय, कृषी महाविद्यालयात सोमवारी कागदपत्रं द्यायची आणि लगेच हॉस्टेल. आईने काढून ठेवलेले कपडे असे: 18 ड्रेस, 4 जीन्स, 3 साड्या, 2 स्वेटर, 3 टॉवेल, 2 सोलापुरी चादरी, शिवाय आज्जीची वाकळ. दोन सुटकेस गच्च भरल्या, आता तिसरी काढलीय. एवढं खरंच लागतं का?

आई: लागतं. चार वर्षं राहायचंय तिथं.

पप्पा: स्वारगेटला पहाटे गाडी बदलायची आहे. पाऊस असणार. एक सुटकेस आणि एक पाठीवरची बॅग, यापेक्षा जास्त नको.

पुण्याची मावशी: एक साडी तरी ने गं. कॉलेजात ट्रॅडिशनल डे असतो, तेव्हा ऐनवेळी पळापळ होते. आणि ब्लाउजला आतून मार्जिन ठेवायला सांग, म्हणजे मैत्रिणीलाही बसेल.

मी: मावशी, तो दिवस कधी असतो?

पुण्याची मावशी: आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत असायचा.

मी: मग दिवाळीला घरी येईन तेव्हा नेते.

ताई (मोठ्या काकांची): थांबा, मी लिहिते. चार वर्षं दापोलीत काढलीत मी, आणि पहिल्या पावसाळ्यात माझं जे झालं ते हिचं होऊ नये.

काकू, मीही तुमच्यासारखंच मोजलं होतं. वर्गात किती दिवस जायचं, घालायला किती लागतील. सोळा ड्रेस घेऊन गेले. महिनाभरात त्यातल्या सहांवर काळे ठिपके पडले, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी आली. कपाटात घडी करून ठेवलेले, न वापरलेले कपडेच आधी गेले. जे रोज अंगावर होते ते टिकले. पडून राहिलेला कपडा त्या हवेत ओल धरतो. म्हणून तिथं जास्त कपडे म्हणजे जास्त नुकसान.

लातूरला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. दापोलीत साडेतीन हजारांच्या घरात, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्याकडे सकाळी वाळत घातलेलं दुपारी घडी करून होतं. तिथं ऑगस्टमध्ये खोलीत दोरीवर, पंख्याखाली, सुती ड्रेसला तीन दिवस लागतात. जीन्सची कंबर आणि खिसे पाचव्या दिवशीही ओले. त्यामुळे हिशोब वाळण्याचा करायचा. रोज एक जोड धुवायचा असं धर. एक अंगावर, तीन दोरीवर, दोन कपाटात कोरडे, आणि एक दुपारी भिजून आल्यावर बदलायला. सात झाले. रात्रीचे तीन वेगळे. बस.

आई: फक्त सात?

ताई: बाहेरचे सात, काकू. पण आतले कपडे बारा जोड द्या. तिथं हात आखडू नका. दमट आतले कपडे घातले की गजकर्ण होतं, आमच्या मजल्यावर पहिल्याच पावसाळ्यात चौघींना झालं होतं. औषध महिना-महिना लावावं लागतं. लाजून कुणी सांगत नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

आई: बरं केलंस लिहिलंस.

इचलकरंजीचे मामा: कापडाचं मी सांगतो, माझा रोजचा धंदा आहे. शंभर ग्रॅम कोरडं सुती कापड हवेतलंच आठ-साडेआठ ग्रॅम पाणी धरून असतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. धुतल्यावर हाच फरक आणखी वाढतो. म्हणून पावसाळ्यात वरचे कुर्ते पीसी कापडाचे घे, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटन मिश्र. कॉलरजवळच्या लेबलवर टक्के लिहिलेले असतात, ते वाचून घे. अंगाला लागून असतं ते मात्र सुतीच. घाम शोषायला दुसरं काही तितकं चांगलं नाही.

मी: मामा, जीन्स?

इचलकरंजीचे मामा: जीन्सचं कापड जाड आणि विणही घट्ट. कोरडी जीन्स सहा-सातशे ग्रॅम भरते, भिजली की बादलीतून उचलताना कळतं. एक ने, ती प्रवासात अंगावर घाल. बाकी पातळ ट्रॅक पँट आणि लेगिंग.

ताई: बरोबर. शिवाय अॅग्रीला शेतावरचे प्रॅक्टिकल असतात. पहिल्याच सत्रात भाताच्या खाचरात उतरवतात, गुडघ्यापर्यंत चिखल. कोकणची माती जांभ्याची, लाल. पांढऱ्यावर लागली की तो डाग कपडा फाटेपर्यंत राहतो. पांढरं काही देऊच नका, लॅबचा अॅप्रन सोडून. शेतावर घालायला घरातले दोन जुने गडद ड्रेस द्या, तेही या सातांतलेच. कॉलेजचा गणवेश आहे का, कोणत्या दिवशी घालायचा, हे आधी सीनियरला विचार. असेल तर सातातून आणखी दोन कमी कर.

आणि तीन टॉवेल नकोत! सोलापुरी टर्किश टॉवेल घरी छान, पण तिथं तो चोवीस तास ओलाच राहतो आणि त्याला कुबट वास येतो. चार पंचे ने. पातळ पंचा पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो, केसही पुसून होतात. कोकणातल्या घरोघरी पंचे दिसतात ते उगीच नाही.

पप्पा: चप्पल-बूट?

ताई: रबरी पावसाळी चपला दोन जोड. गमबूट तिथंच मिळतात, तिथूनच घ्यायचे. चामड्याचं काहीही नको. छत्रीबरोबर दोन भागांचा रेनकोट हवाच, वाऱ्यात छत्री उलटते. नायलॉनची दहा मीटर दोरी, चिमटे, हँगर. कपडा घडी करून न ठेवता हँगरवर लावला की हवा लागते. इस्त्री हॉस्टेलवर चालते का ते रेक्टरना विचारून मगच न्या.

मी: आई, मग अठरामधले सात काढू?

आई: काढ. पण मला एक सांगायचंय, मग काय ते ठरवा.

2016 साली तू दहा वर्षांची होतीस. नळाला महिना-महिना पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण सगळे टँकरच्या रांगेत होतो. त्या उन्हाळ्यात मी दहा-दहा दिवसांनी कपडे धुतले. ज्याच्याकडे दहा जोड होते तो स्वच्छ राहिला. ज्या पोरांकडे तीनच होते ती मळक्या कपड्यांत शाळेत आली, आणि इतर पोरं त्यांच्यापासून लांब बसली. तू घरी येऊन मला ते सांगितलं होतंस. तेव्हापासून मी तुझे कपडे जास्तच घेते. लेकराला कुठं कमी पडू नये, एवढंच डोक्यात असतं.

मी: आई, हे मला आठवतं. पण तुझ्या कपडे घेण्यामागे हे होतं, हे आज कळलं.

ताई: काकू, तुमचा हिशोब लातूरसाठी पक्का होता. आपल्याकडे धुवायला पाणी नव्हतं, म्हणून कपडे जास्त लागत. तिथं पाण्याला तोटा नाही, ऊन नाही. रोज थोडं थोडं धुता येतं. आणि ते पाणी मऊ आहे, आपल्या बोअरसारखं जड नाही. साबण निम्माच लागतो, फेस भरपूर होतो. तिला कमी पडणार नाही.

आई: बरं. सात ड्रेस, तीन रात्रीचे, बारा आतले, एक जीन्स. स्वेटर?

ताई: आत्ता नको. पावसात गारवा वाटतो, त्याला एक पातळ जॅकेट पुरे. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलं झोंबतं. दिवाळीला घरी आलीस की पावसाळी कपडे इथं टाक आणि स्वेटर, साडी, जाड टॉवेल घेऊन जा. तोवर हवा कोरडी झालेली असते, सगळं टिकतं. वर्षाचे कपडे एकाच फेरीत नेऊच नका.

पप्पा: आता एका सुटकेसमध्ये बसेल. दिवाळीला मी न्यायला येतो.

मी: चादरी आणि वाकळ राहिली. आज्जी शेजारी बसलीय, तिला सगळं वाचून दाखवलं.

ताई: सोलापुरी चादर एकच, अंथरायला. वाकळ मात्र नको. सात-आठ पदरी जुन्या लुगड्यांची ती, एकदा ओल धरली तर मार्चपर्यंत वाळायची नाही. आज्जीनं हातानं टाचलेली आहे, खराब झाली तर मलाच वाईट वाटेल.

मी: आज्जी सांगतेय ते लिहिते: "वाकळ नको तर नको माय. माझं ते जुनं सुती लुगडं ने. नऊवार आहे, चौघडी करून पांघर. मऊ पडलंय धुऊन धुऊन. ओलं झालं तर घडी मोड आन् खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाक. एकपदरी कापड ते, पंख्याखाली लगेच वाळंल."

ताई: आज्जी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पांघरायला यापेक्षा चांगलं काही नाही. सगळ्यात आधी तेच बॅगेत भर.

इचलकरंजीचे मामा: आणि ते पूर्ण सुती आहे. अंगाला लागून असू दे.

मी: निळं की अंजिरी, ती विचारतेय.

आई: अंजिरी. त्यावर लाल माती दिसायची नाही. आत्ताच धुऊन गच्चीवर टाकलंय, ऊन आहे. तासाभरात काढून आण.