डीएपी ओतण्याआधी रस तपासा

वाइन आंबताना सडक्या अंड्याचा वास बहुतेकदा द्राक्षरसात नायट्रोजन कमी पडल्याने येतो, हे बरोबरच. यीस्ट सल्फाइड बनवत राहतं, पण ते अमिनो आम्लात बांधायला लागणारा सांगाडा अपुरा पडतो आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर निसटतो. पण म्हणून "पहिल्याच दिवशी भरपूर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला अमोनियमच्या रूपात नायट्रोजन देणारा क्षार) ओता" असा जो सल्ला दिला जातो, तो काही पटला नाही.

अमोनियम मुबलक असलं की यीस्टमधलं यूआरई२ हे प्रथिन जनुकं चालू करणाऱ्या जीएलएन३ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतं. मग अमिनो आम्लं आत घेणारं जीएपी१ आणि युरिया फोडणारं डीयूआर१,२ ही जनुकं जवळपास बंदच. आयतं ताट समोर असताना डबा कोण उघडेल! रसातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लातून सुटलेला युरिया तसाच वाइनमध्ये उतरतो, आणि अल्कोहोलशी त्याची हळूहळू अभिक्रिया होऊन इथाइल कार्बामेट बनतं, जे कॅन्सरकारक असण्याची दाट शक्यता आहे. बाटल्या उबदार जागी ठेवल्या तर आणखी लवकर.

आधी रसात यीस्टला वापरण्याजोगा नायट्रोजन किती आहे ते मोजा. लिटरला साधारण १४० मिलिग्रॅमच्या खाली असेल तरच काळजी, आणि तेव्हाही थोडाथोडा द्या. फार उशीर मात्र नको, अल्कोहोल चढल्यावर यीस्टला अमोनियम आत ओढणं जड जातं. रसातलं प्रोलीन हे अमिनो आम्ल या हिशोबात धरू नका, ऑक्सिजनशिवाय ते यीस्टला पचत नाही.